तिसऱ्या आठवड्याचं भाकीत

सोमवार ते शुक्रवार, रोज एकदा, सहा-सात आठवडे. तोंड, घसा, स्वरयंत्र यांच्या कॅन्सरवरचं रेडिएशन बाहेरून पाहिलं तर एवढंच असतं. रोज २ ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) याप्रमाणे ३५ वेळा, एकूण ७० ग्रे. आधी शस्त्रक्रिया झालेली असेल तर बहुधा ३० वेळा, ६० ग्रे. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मास्क तयार करतात, तो टेबलाला अडकवतात आणि रुग्ण काही मिनिटं न हलता पडून राहतो. मशीन त्याच्याभोवती फिरतं. त्या वेळी दुखत नाही, भाजत नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली माणसं याला ‘लाईट’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात लाईट घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परतलेला माणूस चारचौघांसारखा जेवतो आणि गावाकडे फोन करून सांगतो, त्रास काहीच नाही.

दुसरा आठवडा सरता सरता भाजी झोंबायला लागते. गालाचं आतलं अस्तर लाल होतं. तिसऱ्या आठवड्यात, ३० ग्रेच्या आसपास, त्या लालीवर पांढरट पापुद्रा धरतो. खाली उघडी जखम असते. जिभेच्या कडा, मऊ टाळू, गालाचा आतला भाग, जिभेखालची जागा हे आधी सोलवटतात. हिरड्या आणि कडक टाळू बराच काळ तग धरतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुखणं शिगेला पोचतं आणि उपचार संपल्यावरही पुढचे काही आठवडे रेंगाळतं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने बरं होणारं तोंड येणं वेगळं आणि हे वेगळं. डॉक्टरी भाषेत याला ओरल म्युकोसायटिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ साली त्याची जी मोजपट्टी दिली ती जेवणाच्या ताटावर बेतलेली आहे. जखमा आहेत पण घन अन्न खाता येतं, तर पायरी दुसरी. फक्त पातळ पदार्थ जात असतील तर तिसरी. तोंडाने काहीच जात नसेल तर चौथी. तिसरी आणि चौथी पायरी मिळून ‘तीव्र’.

आता अडचण अशी, की एकाच मशीनवर, एकाच डॉक्टरकडे, जवळपास तेवढाच डोस घेणाऱ्या दोघांपैकी एकजण शेवटपर्यंत मऊ भात-वरण खातो आणि दुसऱ्याला पाचव्या आठवड्यात स्वतःची लाळ गिळवत नाही. हा दुसरा कोण, हे पहिल्या दिवशी कळू शकेल का? गेली वीस-पंचवीस वर्षं लंडनपासून मुंबईपर्यंत अनेकजण या प्रश्नामागे लागले आहेत.

चुकलेल्या दिवसाची किंमत

त्रास तात्पुरता आहे, जखमा भरून येतात, मग एवढी धडपड कशासाठी? त्याचं उत्तर जखमेपेक्षा कॅलेंडरमध्ये जास्त आहे. तोंड असह्य झालं की रुग्ण एक दिवस येत नाही, मग दोन दिवस. कधी डॉक्टरच आठवडाभर थांबायला सांगतात. तेवढ्या अवधीत गालाचं अस्तर सावरतं, पण गाठही सावरते. एच. रॉडनी विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली जुन्या उपचारांच्या नोंदी एकत्र मांडून दाखवलं, की उपचार सुरू होऊन साधारण चार आठवडे झाले की वाचलेल्या कॅन्सरपेशी नेहमीपेक्षा वेगाने वाढायला लागतात. ती वाढ रोखण्यातच दिवसाला सुमारे ०.६ ग्रे खर्ची पडतात. म्हणजे ज्या आठवड्यात तोंड सर्वात वाईट अवस्थेत असतं, नेमक्या त्याच आठवड्यात सुट्टी सर्वात महाग पडते. हा योगायोग मोठा क्रूर आहे.

अँडी ट्रॉटी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ३३ अभ्यासांतल्या ६,१८१ रुग्णांचा आढावा घेतला. त्यांतल्या सरासरी ८० टक्के रुग्णांना कमी-अधिक म्युकोसायटिस झाला होता. रोज एकदा अशा नेहमीच्या पद्धतीने रेडिएशन घेणाऱ्यांत तीव्र प्रकार ३४ टक्के होता. दिवसातून दोनदा किंवा अधिक वेगाने डोस देण्याच्या पद्धतींत ५६ टक्के. ज्या अभ्यासांनी नोंद ठेवली होती, त्यांत ११ टक्के रुग्णांचा उपचार तोंडामुळे थांबवावा किंवा बदलावा लागला होता. भाकितात खरा रस असायला हवा तो या ११ टक्क्यांत. तोंड किती लाल होईल हा प्रश्न दुय्यम आहे, पाचव्या आठवड्यात कोण यायचं थांबेल हा मुख्य. पण संशोधनात पहिला प्रश्न जास्त विचारला गेला आहे, कारण तो मोजायला सोपा आहे.

आरशातून पाहणारा माणूस

भाकिताचा इतिहास कॉम्प्युटरच्या फार आधीचा आहे. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रेगो यांच्या हाताखाली आँरी कुतार नावाचा डॉक्टर १९२० च्या दशकात घशाच्या कॅन्सरला क्ष-किरण देत असे. एका दमात मोठा डोस द्यायची तेव्हा चाल होती. कुतारने तो आठवड्यांवर पसरला आणि १९२२ साली स्वरयंत्राच्या कॅन्सरचे बरे झालेले रुग्ण पॅरिसच्या परिषदेत मांडले. डोस मोजायची साधनं तेव्हा कच्ची होती, त्यामुळे रुग्णाचं तोंड आणि घसा हेच त्याचं मीटर होतं. तो रोज आरशातून पाहायचा. अस्तर कधी लालावतं, कधी पांढरा पापुद्रा धरतं, कधी भरून येतं याचं वेळापत्रक त्याने बसवलं आणि त्यावरून पुढचा डोस ठरवला. आज जो दुष्परिणाम टाळायचा म्हणून आपण झटतो, तो कुतारला औषध लागू पडत असल्याची खूण वाटत होता.

‘कधी’ हे कुतारला कळलं होतं. ‘कोणाला किती’ हे मात्र त्याच्या वेळापत्रकात बसत नव्हतं.

बराच काळ समजूत अशी होती, की किरणांनी अस्तराच्या तळातल्या, सतत विभागणाऱ्या पेशी मरतात, वरच्या पेशी झडत राहतात, नवा पुरवठा थांबतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत भगदाड पडतं. अमेरिकेतले दंतवैद्य-संशोधक स्टीफन सोनिस यांनी हे चित्र बदललं. २००४ साली त्यांनी मांडलेल्या पाच टप्प्यांच्या साखळीत सुरुवात अस्तराच्या खाली होते, रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात आणि संयोजी ऊतीत. पहिल्याच डोसाने डीएनए तुटतो, मुक्त ऑक्सिजन-कण तयार होतात, एनएफ-कप्पा-बी नावाचा पेशीतला स्विच चालू होतो आणि दाह वाढवणारी रसायनं सुटतात. ती रसायनं तोच स्विच पुन्हा दाबतात, दाह स्वतःलाच पोसत जातो. मग जखम, जखमेत जीवाणू, आणि सर्वात शेवटी भरून येणं. याचा अर्थ असा, की तोंड निरोगी दिसतं त्या पहिल्या आठवड्यात घटना घडून चुकलेल्या असतात. भाकीत करणाऱ्याला हे आशादायक आहे, कारण डोळ्याला दिसण्याआधी शोधण्याजोगं काहीतरी तिथे आहे.

डोसचा नकाशा

सर्वात ठोस सुगावा मात्र रसायनांत सापडला नाही, तो भौतिकशास्त्रात सापडला. आधुनिक रेडिएशनमध्ये सीटी स्कॅनवर प्रत्येक बिंदूला किती ग्रे मिळणार याचा त्रिमित नकाशा उपचाराआधीच तयार असतो. लाळग्रंथींना किती डोस गेला तर तोंड कायमचं कोरडं पडतं याचं गणित या नकाशांवरूनच बसलं. नव्या तंत्राने तो डोस कमी करता येतो हे मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये ६० रुग्णांच्या चाचणीत दाखवलं: जुन्या पद्धतीत लाळग्रंथींचा लक्षणीय त्रास ८९ टक्क्यांना झाला, नव्या आयएमआरटी पद्धतीत ५९ टक्क्यांना.

तोंडाच्या अस्तराचं गणित मात्र मागे पडलं. निरोगी अवयवांना किती डोस चालतो याचा जो मोठा आढावा २०१० साली ‘क्वांटेक’ नावाने प्रसिद्ध झाला, त्यात मेंदूपासून गुदाशयापर्यंत अवयव आहेत, लाळग्रंथी आहेत, स्वरयंत्र आहे. तोंडाच्या अस्तराला स्वतंत्र प्रकरण नाही. एक कारण अगदी साधं आहे. अस्तर हा पातळ पडदा आहे. सीटीवर तो वेगळा काढायचा म्हणजे गाल, जीभ, टाळू यांच्या वळणावळणाने रेघ ओढायची. बहुतेक ठिकाणी त्याऐवजी सगळी मुखपोकळी एक गोळा म्हणून रंगवतात, आणि मग जिभेच्या आतल्या स्नायूलाही अस्तर समजून त्याचा डोस मोजला जातो.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधल्या जेमी डीन आणि सेरा गलिफर्ड यांच्या गटाने आधी ही रेघ ओढायची पद्धत नीट बसवली आणि मग २०१६ साली ३५१ रुग्णांच्या माहितीवर मशीन लर्निंगची तंत्रं चालवून पाहिली. हा अभ्यास लोभस आहे, कारण त्याचा निकाल नम्र आहे. डोस तोंडात नेमका कुठे पडतो याची बारीक माहिती दिल्याने भाकीत सुधारेल अशी अपेक्षा होती, सुधारलं नाही. मध्यम आणि जास्त डोस तोंडाच्या किती भागाला मिळतो, एवढं पुरेसं ठरलं. आणि सर्वात चांगल्या मॉडेलची कामगिरी आली ०.७१.

या आकड्याचा अर्थ असा: तीव्र त्रास झालेला एक रुग्ण आणि न झालेला एक, अशी जोडी मॉडेलपुढे ठेवली तर १०० पैकी ७१ वेळा ते बरोबर माणसाला जास्त धोक्याचा ठरवतं. नाणं उडवलं तर ५० वेळा. मग ७१ चांगले की वाईट?

कोकणातला जुलै

रत्नागिरीत जुलै महिन्यात रोज सकाळी ‘आज पाऊस पडेल’ असं सांगणारा माणूस क्वचितच चुकेल, पण त्याचं ऐकून कोणी छत्री घ्यायची की नाही हे ठरवणार नाही. छत्री घेतलेलीच असते. म्युकोसायटिसच्या भाकितांचं बरंचसं असं झालं आहे. रेडिएशनसोबत केमोथेरपी असेल, तोंडाचा मोठा भाग किरणांच्या वाटेत येत असेल, तर तीव्र त्रास इतक्यांना होतो की सगळ्यांनाच ‘होणार’ म्हटलं तरी बहुतेक वेळा बरोबर ठरतं. मॉडेलची परीक्षा होते ती जिथे निम्म्यांना होतो आणि निम्म्यांना होत नाही तिथे.

असा गट परळमध्येच सापडतो. सिस्प्लॅटिन हे या कॅन्सरमधलं नेहमीचं केमो औषध, पण किडनी कमजोर असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर ते देता येत नाही. अशा ३५६ रुग्णांवर टाटा मेमोरियलमध्ये डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी चाचणी केली, निष्कर्ष २०२३ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त आले. अर्ध्यांना फक्त रेडिएशन, अर्ध्यांना सोबत दर आठवड्याला डोसिटॅक्सेल या दुसऱ्या केमो औषधाचा छोटा डोस. दोन वर्षांनी आजार परतलेला नाही आणि रुग्ण हयात आहे, असं प्रमाण ३०.३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण तीव्र म्युकोसायटिसही २२.२ टक्क्यांवरून ४९.७ टक्क्यांवर गेला. जवळजवळ बरोबर निम्मे. यातला कोणता निम्मा हे आधी सांगता आलं, तर ते ऐकून काहीतरी वेगळं करता येईल.

इथे परदेशी मॉडेलं थेट का वापरत नाहीत? वापरली तर फसतील, असं मानायला जागा आहे. युरोप-अमेरिकेतली बरीचशी माहिती घशाच्या, टॉन्सिलच्या कॅन्सरची आहे, ज्यात एचपीव्ही विषाणूचा वाटा मोठा. चीनमधली माहिती नाकामागच्या पोकळीच्या कॅन्सरची. भारतात ‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कॅन्सर-आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आहेत आणि पुरुषांत हा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. तंबाखूची गोळी जिथे दाबून ठेवतात त्या गाल-हिरडीच्या खाचेत तो होतो.

अशा रुग्णाची आधी शस्त्रक्रिया होते. गालाचा काढलेला भाग छातीवरच्या किंवा मनगटाजवळच्या कातडीने भरतात. म्हणजे रेडिएशनच्या वेळी त्याच्या तोंडाचा एक हिस्सा मुळी तोंडाचं अस्तरच नसतो, आणि कातडी अस्तरासारखी सोलवटत नाही. उरलेल्या भागात अनेकदा सुपारीने आलेला सबम्युकस फायब्रोसिस असतो: अस्तर ताठर, फिकट, तोंड जेमतेम दोन बोटं उघडणारं. तिथे नीट गुळणी होत नाही, दात साफ होत नाहीत, आणि डॉक्टरला टॉर्च मारून मागचं दिसतही नाही. लंडनच्या ३५१ जणांच्या माहितीने शिकलेल्या मॉडेलला या तोंडाची ओळख कशी असणार? एका ठिकाणी तयार झालेलं मॉडेल दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णांवर तपासून पाहणं, ही या क्षेत्रातली सर्वात दुर्लक्षित पायरी आहे. नवं मॉडेल बनवलं की शोधनिबंध होतो, जुनं तपासलं की फारसं कोणी विचारत नाही.

जनुकं, जंतू, उष्णता

बाकीचे सुगावे थोडक्यात. डीएनए दुरुस्तीचं एटीएम जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेलं असेल तर माणसाला रेडिएशन अजिबात सोसत नाही, हे जुनं ज्ञान आहे. पण अशी माणसं विरळा. सर्वसाधारण रुग्णांचा सगळा जनुकसंच चाळून म्युकोसायटिसशी नातं शोधणारा एक अभ्यास २०२२ मध्ये आला आणि त्याचं बोट ‘स्टिंग’ नावाच्या जनुकाकडे गेलं. पेशीत तुटलेला डीएनए भलत्या जागी दिसला की धोक्याची घंटा वाजवणं हे या जनुकाचं काम, त्यामुळे सोनिस यांच्या साखळीशी ते जुळतं. चीनमधल्या गटांनी तोंडातले जीवाणू उपचारादरम्यान पुन्हापुन्हा तपासले; तीव्र त्रास होणाऱ्यांत जीवाणूंची वस्ती वेगळ्या वाटेने बदलते असं त्यांना दिसलं. अमेरिकेत २०१३ साली काहींनी चेहऱ्याचे इन्फ्रारेड फोटो काढून पाहिले, लाली दिसण्याआधी तापमान किंचित वाढतं का म्हणून. यातलं काहीही अजून ओपीडीत पोचलेलं नाही.

ओपीडीत जे चालतं ते जास्त घरगुती आहे. सुरुवातीचं वजन किती, गेल्या काही महिन्यांत किती घटलं, तंबाखू सुटली की नाही, साखर ताब्यात आहे का, दातांत धातूचं फिलिंग आहे का. हे शेवटचं ऐकून रुग्ण चकित होतात. पण किरण धातूवर आदळले की मागे विखुरतात आणि त्याला टेकलेल्या गालाला किंवा जिभेला जादा डोस बसतो. मध्ये काही मिलिमीटरचं मऊ आवरण ठेवलं की तो टळतो. इतका स्वस्त, इतका नेमका प्रतिबंध या सगळ्या विषयात दुसरा नाही.

आणि मग दहावा दिवस. दुसऱ्या आठवड्याच्या तपासणीत अस्तर नुसतं लाल आहे की पापुद्रा धरायला लागलं आहे, हे पाहणारा अनुभवी डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याबद्दल बरंच सांगू शकतो. कुतारचा आरसा अजून कामाचा आहे, त्याला डोसच्या नकाशाची जोड मिळाली आहे एवढंच.

कळलं तर काय करायचं

मॉडेलवाले हा प्रश्न शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा. नेदरलँड्समध्ये प्रोटॉन उपचार कोणाला द्यायचे हे असंच ठरतं. नेहमीच्या रेडिएशनचा आणि प्रोटॉनचा असे दोन आराखडे करतात, दोन्हींत कोरड्या तोंडाची किंवा गिळण्याच्या त्रासाची शक्यता मॉडेलने काढतात, आणि फरक किमान १० टक्के असेल तर प्रोटॉनचा मार्ग खुला होतो. भाकीत ०.७१ चं असो की ०.८ चं, त्याला एक दार जोडलेलं आहे.

म्युकोसायटिसला जोडता येतील अशी दारं कमी आहेत, पण आहेत. पहिलं लेझरचं. कमी शक्तीचा लाल प्रकाश तोंडात ठरावीक जागांवर टेकवत गेलं की जखमा कमी होतात. मणिपाल विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये केमो-रेडिएशन घेणाऱ्या २२१ रुग्णांवर हे दाखवलं. म्युकोसायटिसच्या देखभालीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०२० मध्ये तोंडाच्या रेडिएशनसाठी त्याची शिफारस केली. गोम अशी, की लेझर जखमा होण्याआधी सुरू करायचा आणि उपचारभर चालू ठेवायचा असतो. त्याला मशीन, खुर्ची आणि प्रशिक्षित हात लागतात. परळसारख्या गर्दीत प्रत्येकाला तो देणं अवघड. कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी साधारण बरं भाकीतही उपयोगी पडेल.

औषधांचं दार तूर्त अडलेलं आहे. मुक्त ऑक्सिजन-कण निकामी करणाऱ्या अव्हासोपासेम या औषधाने ४५५ रुग्णांच्या चाचणीत तीव्र त्रास ६४ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आणला. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ च्या ऑगस्टमध्ये तेवढ्यावर मंजुरी नाकारली. साध्या उपायांत मिठा-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या आहेत, कमी डोसच्या रेडिएशनमध्ये बेंझिडामिनचं माउथवॉश आहे. मंगळूरच्या फादर म्युलर कॉलेजमध्ये ८० रुग्णांवर हळदीच्या गुळण्या तपासल्या आणि पोव्हिडोन-आयोडिनपेक्षा त्या सरस ठरल्या. हा २०१४ चा अभ्यास लहान आहे, पण तो झाला हे बरं. आपल्याकडे हळदीबद्दल बोलणारे पुष्कळ आणि मोजणारे थोडे.

सर्वात कठीण दार नळीचं. नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब पाचव्या आठवड्यात, पाच-सहा किलो वजन गेल्यावर, घाईने घातली जाते. ती सगळ्यांना पहिल्याच दिवशी घालावी, तर जे एरवी नीट खात राहिले असते त्यांची गिळण्याची सवय मोडते आणि नंतर ती परत आणायला झगडावं लागतं. म्हणून ती काहींनाच आणि वेळेत घालायला हवी. पण नाकात नळी घेऊन एसटीने गावी जायचं म्हणजे गल्लीभर चर्चा, लग्नकार्यात वेगळं पान, मुलाबाळांच्या नजरा. त्यामुळे माणसं ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणत राहतात. डॉक्टरने दुसऱ्या आठवड्यातच स्पष्ट शक्यता सांगितली, तर घरच्यांना बोलायला, नळी लावलेल्या दुसऱ्या रुग्णाला भेटायला, नाचणीची पेज आणि डाळीचं पाणी गाळून नळीतून कसं द्यायचं ते नर्सकडून शिकायला वेळ मिळतो. किंवा उलट होतं: ‘तुमच्यासारख्या दहापैकी सातांना तीव्र त्रास होतो’ असा आकडा ऐकून कोणी तिसऱ्याच दिवशी गावाची गाडी धरतो. आकडा कसा सांगायचा, रुग्णाला की सोबत आलेल्या मुलाला, टक्क्यांत की जेवणाच्या भाषेत, यावर काम फारच थोडं झालं आहे.

मुंबईत, नागपुरात, बार्शीत, कोल्हापुरात कॅन्सर रुग्णालयं आहेत, आणि तिथे रेडिएशन घेणाऱ्याचं तोंड डॉक्टर वेळोवेळी तपासतात. म्युकोसायटिसची पायरी अनेकदा केस पेपरवर हाताने लिहिली जाते. डोसचा नकाशा दुसऱ्या खोलीत भौतिकशास्त्रज्ञाच्या कॉम्प्युटरमध्ये राहतो. किती दिवस चुकले ते तिसऱ्याच रजिस्टरात, वजन चौथ्या. गाल-हिरडीच्या कॅन्सरचं, शिवलेल्या कातडीचं, दोन बोटं उघडणाऱ्या तोंडाचं मॉडेल बनवायला लागणारी सगळी माहिती अशी रोज जमा होते आहे, आणि ती एका तक्त्यात आणायला सुरुवातीला एक डेटा एंट्री ऑपरेटर पुरे.